उसाच्या पट्ट्यात भाल्यासाठी एक एकर : सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
सोलापूर जिल्ह्यातील सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : शालेय मुलींच्या भालाफेक सरावासाठी प्रत्येक कारखान्याने एक एकर कुंपणबंद जागा राखून ठेवण्याबाबत.

महोदय, महोदया,

३ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अन्नू राणीने चौथ्या प्रयत्नात ६२.९२ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकले आणि आशियाई स्पर्धेत महिलांच्या भालाफेकीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. ही बातमी आपण सर्वांनी त्या वेळी वाचली असेल. मात्र तिच्या आयुष्यातील एक तपशील आपल्या जिल्ह्याने ज्या गांभीर्याने घ्यायला हवा होता तसा घेतला गेला नाही, असे मला मनापासून वाटते आणि म्हणूनच हे पत्र क्रीडा खात्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. पहिला भाला म्हणून अन्नूच्या हातात आले ते शेतातल्या उसाचे टिपरू होते.

अन्नूचा जन्म २८ ऑगस्ट १९९२ चा, उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्यातल्या बहादूरपूर गावचा. घर शेतकऱ्याचे, पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी. मेरठ हा आपल्यासारखाच उसाचा मुलूख आहे. तिथेही शाळेची फी, लग्नाचा खर्च आणि दुकानाची उधारी कारखान्याच्या बिलावर अवलंबून असते. तिचा थोरला भाऊ स्वतः धावपटू होता. भावांबरोबर क्रिकेट खेळताना या मुलीने दूरवरून फेकलेला चेंडू किती जोराने आणि किती सरळ येतो, हे त्याच्या नजरेने टिपले. त्याने तिला रिकाम्या शेतात नेले, हातात ऊस दिला आणि फेकायला सांगितले. पुढे उसाची जागा बांबूने घेतली आणि खरा भाला त्याहून बऱ्याच उशिरा आला. या सगळ्याची सुरुवात झाली तेव्हा ती अठरा वर्षांच्या आसपास होती. वयाचा हा आकडा कृपया लक्षात ठेवावा, कारण माझी संपूर्ण मागणी त्याच्यावर उभी आहे.

वडिलांचा सुरुवातीला विरोध होता. मुलीने मैदानात जाऊन भाला फेकावा हे गावाच्या रीतीत बसणारे नव्हते, त्यामुळे पहिला काही काळ तिचा सराव घरच्यांपासून लपून, पहाटे चालत असे. भाऊ तिला काही अंतरावरच्या गुरुकुल प्रभात आश्रमात सरावासाठी नेऊ लागला. बुटांसाठी वर्गणी गोळा करावी लागली. पुढे एकाच घरातून दोन खेळाडूंचा खर्च झेपणार नाही हे स्पष्ट झाले, तेव्हा भावाने स्वतःचे धावणे थांबवले आणि बहिणीला पुढे जाऊ दिले. या त्यागाबद्दल मला अतिशय आदर आहे. तरीही शिक्षिका म्हणून मला त्यात एक नुकसान दिसते. त्या घरात खेळाडू दोघे होते आणि देशाला त्यातील एकच मिळाला. शिवाय असा प्रसंग आपल्या जिल्ह्यातील शंभर घरांवर आला, तर त्यातील बहुतेक घरांत थांबणारी व्यक्ती बहीणच असेल, हे आपल्याला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

यानंतरची तिची वाटचाल थक्क करणारी आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक जिंकलेले काशिनाथ नाईक यांचे मार्गदर्शन तिला लाभले. २०१४ मध्ये लखनौ येथे ५८.८३ मीटर फेक करून तिने चौदा वर्षे अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला आणि त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत ५९.५३ मीटरसह कांस्यपदक मिळवले. हातात ऊस धरल्यापासून चार-पाच वर्षांत ती आशियातील पहिल्या तिघींत जाऊन बसली होती. २०१६ मध्ये तिने ६०.०१ मीटर अंतर गाठले. तोवर एकाही भारतीय महिलेने साठ मीटरची रेषा ओलांडली नव्हती. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भालाफेकीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली आणि तिथे आठवी आली. २०२२ मध्ये अमेरिकेतील युजीन येथे ती सातवी आली. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेदपूरला तिने ६३.८२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बरोबर ६०.०० मीटर फेकून कांस्यपदक मिळवले. ते राष्ट्रकुल स्पर्धांतील भारतीय महिलांचे भालाफेकीतील पहिले पदक होते. केंद्र सरकारने २०२४ च्या अर्जुन पुरस्कारासाठी तिची निवड केली.

सत्कार समारंभांत ज्यांचा उल्लेख टाळला जातो, ती वर्षेही येथे सांगणे मला आवश्यक वाटते. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत तिची फेक ५४.०४ मीटरच झाली आणि आव्हान तिथेच संपले. २०२३ चा हंगाम तर इतका वाईट गेला की बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेतही तिला अंतिम फेरी गाठता आली नाही आणि एवढे कष्ट करूनही यश येत नाही म्हणून खेळ सोडण्याचा विचार जवळजवळ पक्का झाला होता, असे तिने नंतर स्वतःच सांगितले. हांगझोऊचे सुवर्ण त्यानंतर काही आठवड्यांनी आले आणि त्या दिवशी तिने मागे टाकलेल्या खेळाडूंत चीनची अनुभवी लियू हुईहुई होती. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा पात्रता फेरीतच परतावे लागले. आणि तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये, तेहतिसावे वर्ष पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना, तिने पोलंडमधील स्पर्धेत ६२.५९ मीटर फेकून पहिला क्रमांक पटकावला. या मुलीच्या चिकाटीविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग एवढी ताकद आणि एवढी चिकाटी असूनही सर्वांत मोठ्या दिवशी भाला अपेक्षित अंतरावर का पडला नाही? त्याची कारणे अनेक असतील आणि दुरून निदान करणे योग्य नव्हे. परंतु वर्षानुवर्षे मुलींना फेकीचे खेळ शिकवताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. भालाफेक ही खांद्याच्या ताकदीपेक्षा पायांच्या वेळेची कला आहे. धावत येणे, शेवटच्या पावलांत एक पाय दुसऱ्यासमोरून नेत अंग मागे झुकते ठेवणे, डावा पाय काठीसारखा ताठ रोवणे, आणि धावण्याचा सगळा वेग कमरेतून, खांद्यातून सर्वांत शेवटी हातात येऊ देणे, ही साखळी बारा ते पंधरा या वयात अंगात मुरली तर पुढे दडपणाखालीही तुटत नाही. उशिरा शिकलेले तंत्र सरावात उत्तम दिसते, पण मोठ्या स्पर्धेत हात घाई करतो आणि पाय मागे राहतात.

या संदर्भात नीरज चोप्राकडे पाहावे. पानिपत जिल्ह्यातील खांद्रा गाव आणि मेरठ जिल्ह्यातील बहादूरपूर ही यमुनेच्या दोन बाजूंची गावे आहेत आणि दोन्ही खेळाडू शेतकरी कुटुंबातले आहेत. नीरजचा जन्म २४ डिसेंबर १९९७ चा. वजन कमी व्हावे म्हणून घरच्यांनी त्याला पानिपतला धाडले, तिथल्या शिवाजी स्टेडियमवर त्याला भाला दिसला, तिथल्याच एका भालाफेकपटूने त्याच्यातील गुण हेरला आणि थोड्याच काळात तो पंचकुलाच्या ताऊ देवीलाल क्रीडा संकुलातील कृत्रिम धावपट्टीवर सराव करू लागला. वयाच्या चौदाव्या वर्षी, २०१२ मध्ये, लखनौच्या राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेत त्याने ६८.४० मीटर फेकून सुवर्ण जिंकले. २०१६ मध्ये, अठराव्या वर्षी, पोलंडमधील बिडगोश्च येथे ८६.४८ मीटरचा वीस वर्षांखालील जागतिक विक्रम केला. पुढचे टोकियोचे सुवर्ण, बुडापेस्टचे जागतिक अजिंक्यपद, पॅरिसचे रौप्य आणि २०२५ मध्ये दोहाला ओलांडलेली नव्वद मीटरची रेषा हे सर्वज्ञात आहे. दोघांच्या प्रतिभेची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या वयात नीरजच्या नावावर जागतिक विक्रम होता, त्या वयात अन्नू शेतात ऊस फेकत होती, ही वस्तुस्थिती आहे. नीरजला तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदान मिळाले, अन्नूला मिळाले नाही. महोदय, मी आपल्याकडे फक्त हे मैदान मागत आहे.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धांत मुलींची भालाफेक अनेकदा दिवसाच्या शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात उरकली जाते. फक्कीने घाईघाईत रेषा मारलेल्या असतात, सर्व शाळांच्या मुलींना मिळून एखाद-दोन भाले असतात आणि त्यांतील एकाचे टोक वाकलेले असते. मी अशा मुली पाहिल्या आहेत, ज्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा भाला हातात घेतला आणि तरीही निव्वळ दंडाच्या जोरावर तो पंचवीस मीटरच्या पुढे नेला. त्यांतल्या एकीचे आईवडील ऊसतोडीला जाणारे होते. तिच्या फेकीत तंत्र असे काहीच नव्हते, मात्र भाला सुटतानाचा तिचा कोपर कोणी न शिकवता उंच राहत होता. हे शिकवायला आम्हाला महिने लागतात. स्पर्धा संपली, भाला परत कपाटात गेला आणि दिवाळीनंतर ती मुलगी आईवडिलांबरोबर फडावर गेली.

भाला कपाटात का राहतो, याचेही उत्तर मला द्यायला हवे. शाळांना भीती वाटते आणि ती भीती खरी आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात शाळेच्या मैदानावरील भालाफेकीच्या सरावात एका विद्यार्थ्याला भाला लागून त्याचा मृत्यू झाला. त्या घटनेनंतर आमच्या ओळखीच्या कितीतरी शाळांनी भाल्यांना कुलूप लावले. कोणत्याही मुख्याध्यापकाला मी दोष देणार नाही. ज्या मैदानावर एका बाजूला कबड्डी, दुसऱ्या बाजूला खो-खो आणि मधून पाणी प्यायला जाणारी पोरे असतात, तिथे भाला फेकूच नये, या मताची मीही आहे. याचा अर्थ एवढाच होतो की या खेळाला स्वतःची, इतर कोणाचा वावर नसलेली, चारही बाजूंनी कुंपण असलेली जागा लागते. गावठाणात कोंडलेल्या शाळेकडे ती नाही. ती आपल्याकडे आहे.

राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या सोलापूर जिल्ह्यात आहेत. प्रत्येक कारखान्याला ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांसाठी मोठा तळ असतो. गळीत हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण हंगाम संपला की पावसाळाभर तो तळ रिकामा असतो. शालेय स्पर्धा साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होतात आणि बॉयलर पेटतो तो दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे ज्या महिन्यांत मुलींना जागेची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच महिन्यांत आपली जागा मोकळी असते. पिकाखालची एक सरीसुद्धा मी मागत नाही.

एक एकर हे माप मी अंदाजाने सांगितलेले नाही. नियमाप्रमाणे भालाफेकीची धावपट्टी चार मीटर रुंद आणि किमान तीस मीटर लांब असते. तिच्या टोकाला आठ मीटर त्रिज्येची कमान असते आणि त्या कमानीच्या केंद्रबिंदूपासून फेकीचे क्षेत्र पंख्यासारखे उघडत जाते. त्याचा कोन असा ठरवलेला आहे की केंद्रबिंदूपासून जितके अंतर, त्याच्या निम्मी तिथली रुंदी. फेक कमानीपासून मोजतात आणि केंद्रबिंदू तिच्या आठ मीटर मागे असतो, त्यामुळे शालेय मुलींसाठी साठ मीटरपर्यंतची सोय केली, तर केंद्रबिंदूपासूनचे अंतर अडुसष्ट मीटर भरते आणि शेवटी क्षेत्र चौतीस मीटर रुंद होते. धावपट्टी, फेकीचे क्षेत्र आणि सुरक्षेसाठी सोडायची कडा धरून शंभर मीटर बाय चाळीस मीटर जागा पुरते. चाळीस गुंठ्यांत ती बसते.

काम फार नाही, पण ते जाणत्या माणसाने करायला हवे. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात धावणे अशक्य असते, म्हणून धावपट्टीवर मुरूम टाकून रोलर फिरवावा लागेल. याउलट भाला जिथे पडतो ती जमीन भुसभुशीत हवी, कारण वर्षानुवर्षे चाकांखाली दबलेल्या तळावर भाल्याचे टोक रुतत नाही, तो घसरत पुढे जातो आणि अपघात तिथेच होतात. महिन्यातून एकदा रोटाव्हेटर फिरवला तरी हा धोका बराच कमी होतो. कुंपण जाळीचे आणि फाटक एकच, तेही फेकणाऱ्यांच्या पाठीमागे, असावे. नियम थोडे आणि कडक ठेवता येतात : सगळ्यांचे फेकून झाल्याशिवाय एकीनेही भाला आणायला जायचे नाही, जाताना धावायचे नाही, भाला टोक खाली ठेवून उभाच न्यायचा आणि बांधावर लाल झेंडा असेपर्यंत कोणीही रेषा ओलांडायची नाही.

साहित्यातही उधळपट्टीची गरज नाही. मोठ्या महिला खेळाडूंचा भाला सहाशे ग्रॅमचा असतो, अठरा वर्षांखालील मुलींचा पाचशे ग्रॅमचा. प्रत्येक मैदानावर असे दहा-बारा भाले असले, तर सराव नीट चालतो. त्याआधीच्या वयातील मुलींसाठी बांबूच योग्य, मात्र तो बेतून घेतलेला असावा. आम्ही वाळलेला, सरळ, दोन-सव्वादोन मीटरचा बांबू घेतो, दुकानातल्या काट्यावर त्याचे वजन पाहून जाड बाजूने तासतो, मग एका बोटावर आडवा तोलून त्याचा मध्य शोधतो आणि तिथे वीतभर सुतळी घट्ट गुंडाळून मूठ तयार करतो. मुलीच्या तळहाताला सुतळी टोचते, म्हणून तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवतो. या बांबूने पकड शिकता येते, तीन पावलांची आणि पाच पावलांची फेक शिकता येते, टोकाच्या रेषेत हात कसा न्यायचा हेही शिकता येते. उसाने हे होत नाही. त्याचे सगळे वजन बुडख्याकडे असते आणि तो हवेत उलटतो. अन्नूने तरीही त्याच्यावर हात घडवला, हे तिचे मोठेपण आहे. पण म्हणून आपल्या मुलींनाही तीच परीक्षा द्यायला लावणे योग्य नाही.

कारखान्यांनी खेळासाठी काही केले नाही, असा आरोप मी करणार नाही, कारण तो खोटा ठरेल. पश्चिम महाराष्ट्रातील कुस्ती आज उभी आहे त्यामागे गावोगावच्या तालमींइतकाच साखर कारखान्यांचा आधार आहे. मल्लांना मानधन, खुराकाला मदत, जत्रेतील आणि कारखान्यांवरील मैदाने, हे सर्व आपण केले आणि आनंदाने केले. सभासदांनीही त्यावर कधी हिशेब मागितला नाही, कारण मल्ल आपला वाटत होता. भाला फेकणारी मुलगीही आपल्याच सभासदाची किंवा आपल्याच फडात कोयता चालवणाऱ्या जोडीची लेक आहे. तिच्यासाठी मी मानधनाची मागणी करत नाही. तो विषय पुढचा आहे आणि तो मांडायला हातात काही निकाल असावे लागतील.

मार्गदर्शनाचा प्रश्न आपण विचाराल, म्हणून आधीच सांगते. जिल्ह्यात फेकीचे खेळ शिकवू शकणारे क्रीडाशिक्षक आणि निवृत्त सैनिक आहेत. त्यांतील काहींशी मी बोलले आहे. जागा सुरक्षित असेल, तर शनिवार-रविवार कोणतेही मानधन न घेता यायला ते तयार आहेत आणि मीही आहे. मुलींना गावातून कारखान्यापर्यंत आणण्या-नेण्याची सोय मात्र आपल्याला पाहावी लागेल. आईवडील मुलीला खेळू देतात की नाही, हे पुष्कळदा ती अंधार पडायच्या आत घरी पोहोचते की नाही यावरच ठरते. शाळेची किंवा कारखान्याची एखादी गाडी आणि सोबत एक महिला कर्मचारी, एवढी व्यवस्था असली तरी दहा घरांचा नकार होकारात बदलेल, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक विनंती ऊसतोड कुटुंबांतील मुलींबाबत आहे. हंगाम सुरू झाला की त्यांची शाळा सुटते आणि खेळ तर सुटतोच. परंतु बाहेरच्या जिल्ह्यांतून तोडीसाठी आपल्याकडे आलेल्या मुली त्याच काळात आपल्या कारखान्याच्या आसपास, कोप्यांवर राहत असतात. हंगामात गाड्यांचा तळ भरलेला असला, तरी कुंपणाआडचा हा एक एकर आपण तेवढा मोकळा ठेवला, तर त्या मुलींना चार-पाच महिने सलग सराव मिळेल. वर्षभराचे मैदान मी त्यांच्यासाठी मागते आहे. जिल्ह्यातील मुलींचे काम पावसाळ्यातील मैदानावरही भागू शकेल.

बहुतेक कारखान्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या सुमारास होते. हा विषय आपण त्याआधीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत घ्यावा आणि सभेपुढे ठराव म्हणून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांना शक्य नसेल, तर पंढरपूर, माळशिरस, माढा, करमाळा, मोहोळ या पट्ट्यातील जे कारखाने तयार असतील त्यांनी सुरुवात करावी. जागा दाखवण्याचा निरोप आला की मी आणि माझे सहकारी फीत, चुना आणि दोरी घेऊन येऊ आणि त्याच दिवशी धावपट्टी व फेकीचे क्षेत्र आखून देऊ.

कळावे,

आपली विश्वासू,
एक क्रीडाशिक्षिका, सोलापूर